फ्रिजवरची चकती

“वायर इकडे द्या, आई.” ऋतुजाने हात पुढे केला.

चांगुणाबाई नुकत्याच कंधारच्या गाडीने लातूरला लेकाच्या, विनोदच्या घरी पोचल्या होत्या. पिशवी अजून खांद्यालाच होती. चार्जर हातात धरून त्या भिंतीवर बटण शोधत होत्या. त्यांनी सुनेच्या हाताकडे जरा वेळ पाहिलं आणि वायर गुंडाळून त्या हातावर ठेवली. ऋतुजाने ती कपाटाच्या वर, अगदी मागे सारली.

“शिवांश रांगतोय आता. फोन फ्रिजवरच्या या चकतीवर नुसता ठेवायचा. आपोआप चार्ज होतो.”

“बिनवायरीचा?”

“बिनवायरीचा.”

“बरी हाय की तुझी थाळी.” चांगुणाबाईंनी विनोदने वापरून दिलेला आपला जुना फोन अलगद चकतीवर ठेवला. चकतीच्या कडेला निळा दिवा आधीपासूनच लागलेला होता.

वायर घरात नको, त्या लोंबकळलेल्या चांगल्या दिसत नाहीत, असं ऋतुजाने विनोदला सांगितलं होतं. खरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. महिन्यापूर्वी तिने वायरीतून फोन काढला, बटण तसंच चालू राहिलं, आणि ती पलंगावर बसून फोनमध्ये बघत राहिली. मान वर केली तेव्हा वायरीचं टोक शिवांशच्या तोंडात होतं. लाळेने भिजलेलं. काही झालं नाही. पण एमएस्सी झालेली आई चार हातांवर बसून होती, हे सांगायचं कुणाला? दुसऱ्याच दिवशी तिने चकती मागवली.

विनोदला चकती पटली नव्हती. “वायरीनं तासात होतं. हिला अर्धी रात्र लागते. ही चालंना झाली की मी वायर परत लावणार, आधीच सांगतो.”

“चालते की. आईंचा रोज होतोय. विचारा त्यांना.”

“खरंच होतो का गं माय?”

चांगुणाबाई नातवाला भात भरवत होत्या. “हाव. सकाळी बघावं तर भरलेला,” त्या घासाकडे बघत म्हणाल्या.

विनोदने विषय सोडला. ऋतुजाला बरं वाटलं. सोमवारपासून ती ज्युनिअर कॉलेजात शिकवायला जाणार होती. शिवांशसाठीच सासूला बोलावलं होतं. लेकरू ज्या घरात ठेवून जायचं, त्या घरात एकही वायर खाली नको होती.

पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटेना. रोज दुपारी शिवांश झोपला की चांगुणाबाई पदराआड काहीतरी धरून समोरच्या दामिनीताईंकडे जायच्या. तास-दीड तास तिथेच.

“काय बोलता एवढं?”

“काय न्हाई. बसून राहते आपली.”

मग नांदेडहून नणंदेचा, पुनमचा फोन आला. तिला नववा लागला होता. “वहिनी, आईचा फोन सकाळी बंदच येतो. दुपारनंतर लागतो. माझे दिवस असे, अन् ही फोन बंद करून बसते.”

रात्रभर चकतीवर असलेला फोन बंद कसा असेल? ऋतुजाने विचार केला. म्हणजे माझ्यासमोर लेकीशी बोलायचं नाही. बोलायचं ते समोरच्या घरात बसून.

शुक्रवारी जिन्यात दामिनीताई भेटल्या. “सोमवारपासून कॉलेज ना? आणि काय गं, चकती चालतेय ना तुझी?” त्या जराशा हसल्या.

ऋतुजाचे कान तापले. घरातलं सगळं तिकडे पोचत होतं तर.

शनिवारी शिवांश लवकर उठला. ऋतुजाने दारातूनच हाक मारली. चांगुणाबाई लगबगीने आल्या, मोकळ्या हातांनी.

“आई, घरातलं घरात राहिलेलं बरं. उद्यापासून तिकडे जाऊ नका.”

“मी काय बोलले न्हाई गं.”

“मग त्यांना सगळं कसं कळतं? माझ्यात काही खोट दिसत असेल तर मला सांगा. शेजारी कशाला?”

चांगुणाबाईंनी फ्रिजकडे पाहिलं, मग सुनेकडे.

“बरं. न्हाई जात.”

त्या रात्री चकती रिकामीच होती. ऋतुजाने ती पाहिली. रुसल्या असतील, म्हणून विचारलं नाही.

रविवारी सकाळी पिशवी भरलेली होती. “पुनमकडं जाते. तिचा काही निरोप आला तर मला कळायचा न्हाई हितं,” एवढंच त्या म्हणाल्या. शिवांशच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. विनोदने त्यांना नांदेडच्या गाडीत बसवलं. घरी येऊन तो सरळ आतल्या खोलीत गेला. झोपलेल्या लेकराजवळ पेपर तोंडापुढे धरून बसला.

दुपारपर्यंत ऋतुजाला राहवेना. उद्या कॉलेज होतं, पण सलत होतं ते वेगळंच. आपण जरा जास्त बोललो. पोचल्या का, एवढं तरी विचारावं. तिने चांगुणाबाईंचा नंबर लावला.

रिंग गेली. आणि फोन समोरच्या घरात वाजायला लागला.

ऋतुजाने दार उघडलं. दामिनीताई त्यांच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. एका हातात वाजणारा फोन, दुसऱ्या हातात त्यांची स्वतःची वायर.

“काल अर्ध्यातून उठून गेल्या ना त्या. वाटलं, फोन न्यायला येतील. आल्याच नाहीत.”

“हा तुमच्याकडे कसा?”

“चार्जिंगला. रोज आणायच्या की. जुना फोन आहे, त्याला तुझी चकती चालत नाही. पहिल्याच दिवशी कळलं त्यांना. मी म्हटलं, मावशी, सुनेला सांगा ना.”

“मग?”

दामिनीताईंचा आवाज खाली आला.

“म्हणाल्या, ‘न्हाई बाई. थाळी चालंना म्हणलं की इनोद परत वायरी लावंल. तिनं कुणाला सांगितलं न्हाई, पर लेकराच्या तोंडात वायर बघितलीय तिनं. माझ्याकडून वायर घेताना हात थरथरत व्हता.’”