यमाचा रेडा ताडकळसच्या बाजारात

ताडकळसच्या आठवडी बाजारात गुरांचे सौदे करणाऱ्या म्हाताऱ्या बन्सीधर दलालाला न्यायला यमराज आले, तेव्हा उन्हानं त्यांचा मुकुटही तापला होता. युगानुयुगं रजा नाही. रेडाही पाय ओढत चाललेला. त्यांनी प्राण काढायला हात पुढं केला. बन्सीधरनं तो सवयीनं उपरण्याखाली घेतला, बोटं दाबून रेड्याचा भाव सांगितला. यमराजांनी प्राण ओढायला हात घट्ट आवळला. हात आवळला म्हणजे होकार, या बाजाराच्या रिवाजाप्रमाणं तिथंच सौदा पटला. "हल्या लय थकलाय तुमचा," म्हणत बन्सीधरनं यमराजांच्या खांद्यावरचा पाश काढला, त्या पाशानंच रेडा लिंबाखाली बांधला आणि पाण्याची बादली ठेवली. रेडा पाणी पिऊन बसला, डोळे मिटून रवंथ करू लागला. आता प्राण बांधून न्यायला पाश सोडायचा तर रेड्याला उठवावं लागणार. यमराजांचा हात गाठीपाशी जाऊन थांबला. बन्सीधरनं उपरणं सावलीत अंथरलं. "देवा, वळखलं मी तुमाला. घटकाभर पडा. मी कुठं पळून जायलोय?"