बुजवलेली खिडकी

"ताई, पुसून टाका ती खिडकी. माई बघायला यायच्या आत!"

समोरचा इस्त्रीवाला हातातलं काम टाकून गल्लीच्या मधोमध उभा होता. परांचीवरची चित्रकार खाली बघून हसली. "आठ दिवस गावाला काय गेलात, आल्या आल्या माझ्या चित्रात खोड काढताय?"

तो हसला नाही.

जुन्या शहरातली ही गल्ली मेल्यासारखी पडली होती. तिनं एकेक भिंत रंगवत आणली, तशी माणसं बघायला येऊ लागली. भिंतीवर आपल्या मनाचं लादायचं नाही, ही तिची पद्धत. आधी ती भिंत भिजवायची. ओल कुठे पटकन सुकते, कुठे रेंगाळते, यावरून आतलं जुनं बांधकाम कळायचं. या भिंतीवर, दुसऱ्या मजल्याशी, बुजवलेल्या खिडकीची चौकट उमटली. तिनं ती रंगानं उघडून दिली. निळी झडप, आणि बाहेर झुकून हात हलवणारी छोटी मुलगी. खालून जाणारे नकळत तिला हात करायचे.

"या घरातल्या माईंची लेक त्याच खिडकीतून पडली," इस्त्रीवाला म्हणाला. "एवढीशीच होती. माई दोन पावलांवर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. पाठ होती त्यांची. नंतर घरमालकांनी खिडकी विटांनी बुजवून टाकली. तीस वर्षं झाली, माई मागच्या दारानंच ये-जा करतात. आणि आज दुधाच्या दुकानात कुणीतरी त्यांना म्हणालं, तुमच्या खिडकीतली नात फार गोड आहे हो."

चित्रकारानं घाईघाईनं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. रोलर बुडवला.

तेवढ्यात कडी वाजली. पुढच्या दाराची.

दार फुगलं होतं. आतून दोन-तीन धक्के बसले, तेव्हा कुठे ते उघडलं. माई बाहेर आल्या. चार पावलं चालल्या, वळल्या आणि त्यांनी मान वर केली. नजर खिडकीतल्या मुलीवर खिळली. त्यांचे ओठ हलले. नाव घेतलं असावं.

"चुकलं माझं, माई," चित्रकार म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. आत्ता पुसते."

"खबरदार."

आवाज चढला नव्हता, तरी रोलर जागीच थांबला. पांढरे थेंब फळीवर टपटपत राहिले.

माईंनी बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या. दोन्ही हात पुढे केले. बोटं वळवली, काहीतरी लहानसं, वळवळतं धरल्यासारखी. हात तसेच पुढे धरून ठेवले.

"हे हात नीट बघून घे, पोरी. मागून तिच्या कमरेला धरलेले काढ. घट्ट. सुरकुत्या तेवढ्या काढू नकोस. तेव्हा नव्हत्या."