दुखण्याचे गुण

"डोळे बारीक, गाल फुगलेले, कान मागे वळलेले. दुखण्याला दोनपैकी दोन गुण," प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्यांना उंदराचा फोटो दाखवत हर्षदा म्हणाली. "उंदीर कळ लपवतो, ओरडत नाही. औषध लागू पडतंय का, ते त्याच्या चेहऱ्यावरून मोजायचं."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासरे खुर्चीत बसले होते. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती.

"अण्णा हल्ली अगदी शांत असतात," नवरा म्हणाला. "कसली कुरकुर नाही."

हर्षदा मऊ भात कालवून त्यांच्यासमोर बसली. दिवसभर चेहरेच पाहिल्यामुळे असेल, आज तिची नजर चमच्यावरून वर गेली आणि हात थांबला. अण्णांचे डोळे बारीक झाले होते. दर श्वासाला गाल ताठ होत होते.

"निनाद, अरे, अण्णांना दुखतंय."

"कुठे? ते तर काहीच..."

"कुठे ते कळत नाही. पण खूप दुखतंय. गाडी काढ."

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "दोन बरगड्या मोडल्यात. उचलताना कुठे आदळले होते का? आठवडा तरी झाला असेल. पण तुम्ही ओळखलंत हो! भल्याभल्यांना जमत नाही."

निनादने कौतुकाने तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

"आठवडाभर त्यांना मीच भरवतेय, डॉक्टर," ती म्हणाली. "दोन्ही वेळा. समोर बसून."