सातवं कॉलेज

अर्जावर चिकटवलेल्या फोटोत माझ्या लेकीचा डावा खांदा अर्धाच होता. शेजारची मी कात्रीखाली गेले होते. नंदिनीने अमेरिकेतल्या सहा लहान कॉलेजांत अर्ज केले होते. सगळीकडून नकार आला तर हमखास प्रवेश देणारं सातवं हवं, म्हणून धाकट्या दिरांनी विट्यातल्या स्वतःच्या कॉलेजचा अर्ज परस्पर भरला होता. आठवडाभर मी सही टाळली. आज ते पेन घेऊनच आले. “वैनी, करा सही. अमेरिका काय कराड हाय व्हय, सांजच्याला यष्टीनं परत याया?” “हा फोटो कुठला, काका?” नंदिनीने विचारलं. “दिवाळीतला. दुसरी कॉपी शिरवळच्या पावण्यांना दिलीया. पसंत हायस त्यास्नी. लगीन हुईस्तवर शीक हितं.” मी त्यांच्या पेनला टोपण लावलं. “भाऊजी, सहाही नकार आले तर ती वर्षभर घरी बसेल, पण तुमच्या कॉलेजात येणार नाही.”