शेणाची मजुरी

दाजीबा पाटलांचा गोठा रोज जयवंताच झाडायची आणि मजुरी म्हणून गोठ्यातलं शेण घेऊन जायची. त्याच्या गोवऱ्या थापून कुंभिवलीच्या हायवेवरच्या हॉटेलांना विकायच्या, त्यावरच तिची चूल पेटायची.

मग पाटलांच्या परसात सरकारी गोबरगॅस आला. सभापतींनी नारळ फोडला, काडी ओढली आणि निळा जाळ बघून मंडळींनी टाळ्या पिटल्या. धूर गेला, जंगल वाचलं, असं भाषणही झालं.

मागे उभ्या जयवंताने विचारलं, "पाटील, मंग माजं शेण?"

"तुजं कवा झालं गं ते?" पाटील हसले. "समदं टाकीत जाणार आता. गोवरीचे दिवस गेले, फुकट दिलीस तरी कुणी घेनार नाय."

सगळा मांडव हसला. ज्या जंगलासाठी टाळ्या पडल्या होत्या, त्याच जंगलात जयवंता दुसऱ्या दिवसापासून मोळ्या तोडायला जाऊ लागली. थापलेल्या शेवटच्या गोवऱ्या हॉटेलांनीही घेतल्या नाहीत, त्या तिच्या पडवीत तशाच रचलेल्या राहिल्या.

पाटलांचं बघून बाकीच्या गोठेवाल्यांनीही टाक्या बांधल्या. वर्षभरातच पाटील वारले. त्यांचा मुलगा कमळाकर गावभर हिंडला आणि शेवटी जयवंताच्या दारात येऊन उभा राहिला.

"काकू, दादांच्या चितेला गोवऱ्या पायजेत. गावात कुणाकडंच नाय."

जयवंताने पडवीतल्या ढिगाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.



"गोवऱ्या कशाला रं? घरात गॅस हाय ना? त्याच्यावरच ठेव की बापाला."