टप उघडा, हात खाली

“अहो, हात खाली,” बायको पुटपुटली. “नुसतं बघायला यायचं ठरलं होतं.”

घड्याळजींनी हात खाली घेतला खरा, पण बोली लागून गेली होती. सात लाख. मंचावर उघड्या टपाची लाल गाडी उभी होती, आणि जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या या माणसाची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

“एकाच मालकाने चाळीस वर्षं सांभाळलेली!” लिलाववाला गरजला. “लाकडी डॅशबोर्ड घरी बनवलेला, टप हाताने शिवलेला, मागची सीट काढून सहलीची पेटी बसवलेली! अशी दुसरी शोधून सापडायची नाही!”

“सांभाळली कसली,” बायकोने नाक मुरडलं. “बायकोपेक्षा जास्त लाड केले असतील.”

“दोघींचे केले असतील,” घड्याळजी म्हणाले.

शेजारच्या खुर्चीतल्या डॉक्टरांनी आठची बोली दिली. घड्याळजी त्यांच्याकडे झुकले. “पावसात डावीकडून टप गळतो बरं का. आणि थंडीत सुरू होताना नखरे फार.”

डॉक्टरांनी आपली बोलीची पाटी मांडीवर पालथी घातली.

“लबाडी पुरे,” बायकोने डोळे वटारले.

“एक अक्षर खोटं असेल तर सांग.”

आता उरला एकटा हॉटेलवाला. मघाशी चहा पिताना त्याचा बेत दोघांच्याही कानांवर आला होता: इंजिन काढून टाकायचं, गाडी हॉटेलच्या दारात उभी करायची आणि सीटवर फुलझाडांच्या कुंड्या मांडायच्या. तेव्हापासून घड्याळजी मनाशी एकच घोकत होते: धडधाकट, चालती गाडी, आणि कुंड्या!

नऊ. साडेनऊ. दहा.

“या वयात वारा खात हिंडणार?” बायको म्हणाली. “गुडघे बघा आपले. आणि ठेवणार कुठे?”

“जागा आहे. अगदी तिच्या मापाची.”

“ते मला सांगू नका.”

हॉटेलवाल्याने साडेदहा केले. घड्याळजींचा हात पुन्हा उठेना. गाडीचा नाद पुरे, असा मुलीला शब्द दिला होता, बायकोला दिला होता. त्यांनी पाटी बायकोच्या मांडीवर ठेवली आणि रुमाल डोळ्यांना लावला. रडू आवरत नव्हतं, आणि चारचौघांत त्याची लाजही वाटत नव्हती.

“साडेदहा एक वार... साडेदहा दोन वार...”

“अकरा!”

बायको ताडकन उभी राहिली होती. पाटी उलटी धरली होती, पण आवाज पार दारापर्यंत गेला. हॉटेलवाल्याने तिचा चेहरा पाहिला आणि सरळ हात जोडले. हातोडा पडला.

“कुंड्या म्हणे!” ती फणकाऱ्याने खाली बसली.

पाटी तिच्याच नावावर होती, म्हणून कारकून कागद घेऊन तिच्याकडेच आला. “गाडी कुठे पोचवायची, बाई?”

“पत्ता आहे तुमच्याकडे,” ती म्हणाली. “आज सकाळी जिथून घेऊन आलात, तिथेच.”