बासष्ट टक्के

"गाडी बिघडवून ठेवलीत तुम्ही," असं म्हणतच तो वर्कशॉपमध्ये शिरला. मागोमाग त्याचा मेहुणा, हातात हेल्मेट घेऊन. हेल्मेट अर्थातच मेहुण्याचं नव्हे, याचं. शर्यत होऊन चार दिवस झाले तरी मिरवायची हौस फिटली नव्हती. क्लबात त्याला सगळे 'रेसर' म्हणत. हे नाव त्याने स्वतःच स्वतःला ठेवलं होतं.

गाडीला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, बसवला होता या वर्कशॉपच्या मालकिणीने, ट्यूनिंगही तिचंच. रविवारच्या शर्यतीत हा शेवटून दुसरा आला आणि घरी पोचायच्या आत त्याने क्लबच्या ग्रुपवर टाकलं, 'मॅडमनी गाडीची वाट लावली. सावध राहा.' सोमवारी संध्याकाळपर्यंत तीन जणांनी तिच्याकडच्या तारखा रद्द केल्या. खरं काय झालं, हे विचारायला एकाचाही फोन आला नाही. वीस वर्षांचं नाव या माणसाच्या एका ओळीने धुळीला मिळालं होतं.

"चार हजार आरपीएमच्या वर गाडी गुदमरते," रेसर म्हणाला. "सुपरचार्जरचा बेल्ट घसरत असणार. मी व्हिडिओ बघितलेत."

बेल्ट घसरत नव्हता. गाडी परत आल्यापासून दोन दिवस तिने ती पालथी घातली होती. नळ्यांत धूर सोडून हवेची गळती शोधली, प्लग काढून पाहिले, बेल्टचा ताण मोजला, चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या रोलरवर चढवून गाडी पूर्ण ताकदीने पळवली. गाडी एकदाही कुरकुरली नाही. मग तिने गाडीच्या कॉम्प्युटरमधली रविवारची नोंद उघडली, आणि तिला शिसारी आली.

तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "ही लाल रेघ म्हणजे तुमचा पाय. पेडल किती दाबलंत ते."

रेघ बासष्ट टक्क्यांपर्यंत चढत होती. सुपरचार्जरची शिट्टी कानात घुसायला लागते, नेमकी तिथे धपकन खाली येत होती. दहा फेऱ्या, दहाही वेळा तेच.

मेहुणा वाकून बघत होता. "भावजी, तुम्ही दर वेळी पाय काढून घेतलात की."

"तू जरा बाहेर थांब."

तो गेल्यावर रेसरने स्टूल जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, थोडं दाबलं तरी जास्त दाबल्यासारखी उसळेल, असं काही करता येतं का?"

"येतं." तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. "पण ग्रुपवर खरं लिहायचं."

"लिहितो ना. शब्द देतो."

तिने लॅपटॉपवर दोन आकडे बदलले. चार मिनिटांचं काम. गाडीची ताकद तसूभरही वाढली नव्हती, फक्त पाय लागताच ती उडी मारायला लागली. रेसर रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आला, तेही दुसऱ्या गिअरमध्ये. उतरला तेव्हा चेहऱ्यावर तेज मावत नव्हतं. "आता खरी गाडी झाली," तो म्हणाला, आणि लगेच मोबाइलवर टाइप करायला लागला.

तिचा फोन वाजला. ग्रुपवर त्याचा मेसेज होता. 'शेवटी दोष मीच शोधून काढला. मॅडमना दाखवल्यावर त्यांनी लगेच दुरुस्त केला. गाडी आता एकदम झक्कास.'

त्या लाल रेघेचा फोटो काढून तिने तो ग्रुपवर टाकायला घेतला. तेवढ्यात फोन आला. तारीख रद्द केलेल्या तिघांपैकी एक.

"मॅडम, रेसरला सापडला तो दोष आमच्याही गाडीत असेल का हो?"

तिने दाराबाहेर पाहिलं. रेसर बॉनेट उघडून मेहुण्याला हातवारे करत काहीतरी शिकवत होता.

"असणारच," ती म्हणाली. "उद्या आणा गाडी. ड्रायव्हरबरोबर पाठवू नका, स्वतः चालवत आणा."